ओसरीवरचे तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञान हा शब्द कानी पडला की बहुतेक माणसे दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काही हात जोडतात, काही हात झटकतात. हात जोडणाऱ्यांना वाटते, हे आत्मा-परमात्म्याचे, थोरामोठ्यांचे काम. आपण आपले ऐकावे आणि घरी जावे. हात झटकणाऱ्यांना वाटते, पोटात भाकरी गेल्यावर करायची ही रिकामपणची वटवट आहे. गंमत अशी की ही दोन्ही माणसे घरी गेल्यावर जे वाद घालतात, ते पुष्कळदा तत्त्वज्ञानाचेच असतात. ‘त्यानं शब्द पाळला नाही, मग मी का पाळावा?’ ‘म्हाताऱ्याचं दुखणं बरं होण्यातलं नाही, हे त्याला सांगावं की लपवावं?’ ‘राबायचं दोघांनी आणि वाटा मात्र कमीजास्त, हा कुठला न्याय?’ विहिरीचे पाणी किती पुरुष खोल आहे हे दोर सोडून मोजता येते. तसे या प्रश्नांचे करता येत नाही. कायद्याचे पुस्तक उघडले तरी ते अर्धेमुर्धेच सुटतात. उरलेला अर्धा भाग विचार करूनच सोडवावा लागतो, आणि तो विचार नीट कसा करावा याचीच खटपट तत्त्वज्ञान अडीच हजार वर्षे करीत आले आहे.

ही खटपट पहिल्यापासून मठात किंवा कॉलेजातच होत होती असे नाही. अथेन्स शहरातला सॉक्रेटिस बाजारात उभा राहून चांभाराला, शिपायाला, पुढाऱ्याला प्रश्न विचारीत असे. शौर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, तू हा शब्द वापरलास तर त्याचा अर्थ सांग. त्याची आई सुईण होती, आणि आपण आईचाच धंदा करतो असे तो म्हणे. मूल दुसऱ्याचे, आपण फक्त बाळंतपण करणार. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सकरांनी त्याला देहान्ताची शिक्षा दिली. त्याने स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. आपल्याकडे १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली, ती समोर बसलेल्या कैद्यांसाठी. साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. आणि गाडगेबाबा तर कीर्तनात प्रश्न विचारीत आणि उत्तर समोरच्या बाया-माणसांच्या तोंडूनच वदवून घेत. १९५६ साली बाबा गेले. पण त्यांच्या कीर्तनाची ही तऱ्हा ज्यांनी ऐकली-वाचली आहे, त्यांना सॉक्रेटिस परका वाटण्याचे कारण नाही.

रेडिओवरही हा प्रयोग होऊन गेला आहे. १९४१ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, बी. बी. सी.ने एक कार्यक्रम सुरू केला. पुढे तो ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या नावाने गाजला. लोकांनी प्रश्न पाठवायचे आणि विद्वानांनी आयत्या वेळी उत्तरे द्यायची. माशी छतावर बसताना उलटी कशी होते येथपासून सुख म्हणजे काय येथपर्यंत प्रश्न येत. त्या विद्वानांत सी. ई. एम. जोड नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. कोणताही प्रश्न आला की ते म्हणत, तुम्ही या शब्दाचा अर्थ काय धरता त्यावर ते अवलंबून आहे. सबंध इंग्लंडात हे वाक्य थट्टेचा विषय झाले. पुढे १९४८ साली हे गृहस्थ आगगाडीत विनातिकीट सापडले! दोन पौंड दंड झाला, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला आणि बी. बी. सी.वरचे त्यांचे स्थान गेले.

जोड यांची ही हकिकत केवळ हसण्यासाठी सांगत नाही. तत्त्वज्ञान लोकांपर्यंत न्यायचे म्हणजे शहाण्या माणसाकडून तयार उत्तरे न्यायची, अशी आपली समजूत असते. मग तो शहाणा माणूस तिकिटाविना सापडला की उत्तरेही खोटी ठरतात. पण ज्या वाक्याला लोक हसले, ते वाक्य मात्र खोटे नव्हते. ‘या शब्दाचा अर्थ तुम्ही काय धरता?’ हे विचारायला प्राध्यापक लागत नाही. ते ओसरीवर बसून कोणालाही विचारता येते. फक्त नेमका शब्द हेरता आला पाहिजे. कसा, ते सांगण्यासाठी मी आज एकच प्रश्न घेणार आहे. तो आपल्या गावांत वरचेवर उभा राहतो, आणि त्यात एका माणसाचे आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते.

समजा, एक घर आहे. वडील वारले. सहा एकर जमीन, एक विहीर. दोघे भाऊ, आणि एक बहीण तीन गावे पलीकडे दिलेली. सातबाऱ्यावर वारसांची नावे लागायची वेळ येते. बहिणीला निरोप जातो, ‘सोमवारी तालुक्याला यायचंय, सहीपुरतं.’ धाकटा भाऊ मोटारसायकलवर तिला घेऊन येतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर कागद तयार असतो. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. बहीण आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडून देत आहे, आणि ते ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’, असे त्यात लिहिलेले असते. अंगठा होतो, फोटो निघतो. दुपारी सर्वजण मिळून जेवतात. बहिणीला लुगडे-चोळी होते आणि ती संध्याकाळच्या एस. टी.ने सासरी जाते. शेजारणीने विचारले तर म्हणते, ‘मीच दिलं बाई. मला काय करायचंय? भावाचं सुखाचं होवो.’

आता प्रश्न असा: तिने ते राजीखुशीने दिले का?

कायद्याची बाजू आधी पाहू, कारण ती थोडक्यात सांगता येते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यातला हिस्सा दिला; पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत ती जन्माने भागीदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा दुरुस्त करून हा हक्क दिला, पण ज्यांची लग्ने त्याआधी झाली होती त्या मुली बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीने जन्मतः भागीदार झाली, लग्न झालेली असो वा नसो. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर काय, हा घोळ होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला आणि हक्क जन्माचा आहे, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही, असे सांगितले. तेव्हा हिस्सा आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो सोडण्याबद्दल. १८७२ च्या करार कायद्यातही मोकळी संमती कशाला म्हणावी हे सांगितले आहे. बळजबरी, गैरवाजवी वजन, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांतून आलेली संमती मोकळी नव्हे. आमच्या उदाहरणातल्या बहिणीवर कोणी हात उगारलेला नाही, कोणी तिला फसवलेले नाही. नोंदणी करणारा अधिकारी पाहतो ते इतकेच, की सही करणारी बाई तीच आहे आणि कागद तिनेच करून दिला आहे. ती मनात काय म्हणत होती हे विचारणे त्याचे काम नव्हे. कायदा येथवर येऊन थांबतो.

येथे ॲरिस्टॉटल उपयोगी पडतो. आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात, तिसऱ्या भागाच्या आरंभी, त्याने एक उदाहरण घेतले आहे. गलबत समुद्रात आहे, वादळ झाले आहे, गलबत बुडण्याच्या बेताला आले आहे. तेव्हा माणसे आपलाच माल उचलून समुद्रात फेकतात. हे त्यांनी स्वखुशीने केले का? एरवी कोणी शहाणा माणूस आपला माल पाण्यात फेकणार नाही. पण त्या घटकेला कोणीही शहाणा माणूस तेच करील. ॲरिस्टॉटल म्हणतो, हे मिश्र स्वरूपाचे कृत्य आहे. तरी ते स्वेच्छेच्या जवळचे समजावे, कारण हात हलवणारा तो माणूसच आहे आणि न हलवणे त्याच्या हाती होते.

हे ऐकून दोघे भाऊ म्हणतील, ‘बघा, दोन हजार वर्षांपूर्वीचा पंडितही आमच्याच बाजूचा!’ पण थोडे थांबावे. बहिणीने माल फेकला हे खरे. मग वादळ कोणते होते?

हे वादळ तिला विचाराल तर ती सांगणार नाही. सांगितले तर फार हळू आवाजात सांगेल. वादळ असे की, हिस्सा मागितला तर माहेर तुटते. दिवाळीला न्यायला कोणी येत नाही. भाऊबीज मोडते. उद्या नवऱ्याने घराबाहेर काढले तर जायला उंबरा राहत नाही. गावात असे एखादे उदाहरण प्रत्येकीने पाहिलेले असते; तेच पुरते, धमकी द्यावी लागत नाही. म्हणून ती हिशेब करते. एका बाजूला दोन एकर, दुसऱ्या बाजूला माहेर. आणि ती दोन एकर समुद्रात टाकते. अगदी अक्कलहुशारीने टाकते! कागदावरचा तो शब्द मला तरी खोटा वाटत नाही. संशय आहे तो त्याच्या जोडीच्या ‘राजीखुशीने’ या शब्दाचा.

ॲरिस्टॉटलने त्याच ठिकाणी आणखी एक उदाहरण दिले आहे: एक जुलमी राजा माणसाचे आईबाप आणि मुले ताब्यात ठेवून त्याला लाजिरवाणे काम करायला सांगतो. हे आणि गलबताचे उदाहरण त्याने एकाच रांगेत बसवले आहे. मला ही बैठक पुरती पटत नाही. समुद्रावरचे वादळ कोणी उठवलेले नसते. त्याच्यापाशी दाद मागता येत नाही. जुलमी राजाने मनात आणले तर तो थांबू शकतो. आता बहिणीचे वादळ यांपैकी कोणत्या जातीचे? भाऊ काही जुलमी राजा नाही. तो बिचारा बहिणीवर माया करणाराही असेल. ‘आम्ही काही म्हटलं का? रीतच आहे तशी,’ असे तो म्हणतो, आणि ते खरे असते. पण रीत ही ढगांतून येत नाही. माणसे ती चालवतात म्हणून ती चालते. दिवाळीला मोटारसायकल काढायची की नाही, हे कोणत्याही वाऱ्याच्या हाती नसून त्या भावाच्याच हाती असते.

म्हणून कोणी राजीखुशीने ‘हो’ म्हटले का हे ओळखायचे असेल तर तिचा चेहरा वाचत बसण्यात अर्थ नाही, आणि तिच्या तोंडचे शब्दही पुरेसे नाहीत. ‘नाही’ म्हटले असते तर तिचे काय झाले असते, हे पाहावे. ‘नाही’ म्हणण्याची वाट उघडी असताना दिलेला ‘हो’ आणि ती वाट बंद असताना दिलेला ‘हो’ उच्चाराला सारखेच असतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाला दान म्हणतात; दुसऱ्याला काय म्हणावे ते तुम्ही ठरवा.

हेच माप लावले तर काही हक्कसोडपत्रे खरोखर राजीखुशीचीच निघतील, हेही सांगितले पाहिजे. सासरी बागायत आहे, स्वतः नोकरी करते, धाकट्या भावाची ओढाताण डोळ्यांनी पाहते आणि म्हणते, राहू दे तुला. तिला ‘तुझ्यावर अन्याय झाला’ असे शिकवायला जाणे म्हणजे तिच्या मोठेपणाचा अपमान आहे. प्रत्येक हक्कसोड अन्याय्यच, असे धरून चालणे हाही विचारातला आळस होय.

भावांची बाजूही ऐकू. एक जण म्हणतो, ‘तिच्या लग्नात चार लाख घातले, तोच तिचा वाटा.’ येथेही शब्द तपासावा. ‘तिला दिले’ यातल्या ‘तिला’ शब्दाकडे पाहा. मांडव, जेवणावळ, मानपान, वरपक्षाचा आहेर. यांतले तिच्या हाती काय राहिले? हुंडा तर १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याचा हिशेब वाटणीत धरायचा म्हणजे गुन्ह्याची पावती दाखवण्यासारखे आहे. शिवाय भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून वजा होतो का? झालेला माझ्या ऐकण्यात नाही.

दुसरा भाऊ म्हणतो, ‘आईबाप मी सांभाळले. विहिरीचं कर्ज मी फेडलं. दहा वर्षं रात्रीच्या विजेवर पाणी मी दिलं.’ हा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो उडवून लावता येणार नाही. अमर्त्य सेन यांच्या २००९ च्या न्यायावरील पुस्तकात एका बासरीचे उदाहरण आहे. तीन मुले एका बासरीवर हक्क सांगतात. एकाला ती वाजवता येते. दुसऱ्यापाशी खेळायला काहीच नाही. तिसऱ्याने ती बनवली आहे. बासरी कोणाला द्यावी? सेन म्हणतात, तिघांच्याही मागे एकेक सबळ तत्त्व उभे आहे, आणि यांतले एकच खरे असे आधीपासून ठरवता येत नाही. आपल्या वाटणीत हेच होते. राबणारा श्रमाचे तत्त्व सांगतो, अडचणीतला गरजेचे सांगतो, बहीण जन्माचे सांगते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, तिघेही हावरे आहेत. वस्तुतः तिघेही न्यायच मागत असतात, पण तीन वेगळे न्याय! एवढे एकदा लक्षात आले की भांडणाचा सूर उतरतो. मग श्रमाचे मोल धरून हिशेब करता येतो: राबणाऱ्याला काही अधिक द्यावे, बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहू द्यावे, जमीन भावाने कसावी आणि तिला खंड द्यावा, किंवा तिच्या हिश्शाची किंमत हप्त्यांनी द्यावी. यांतले काय बरे, ते त्या घराने ठरवायचे आहे. राबणाऱ्याच्या श्रमाचे उत्तर बहिणीचे नावच पुसून टाकणे, हे मात्र त्याच्या युक्तिवादातून निघत नाही. श्रमाला मोल आहे याचा अर्थ जन्माला मोल नाही असा होत नाही.

येथे कोणी आपल्या परंपरेकडे बोट दाखवील आणि म्हणेल, आमच्याकडे स्त्रीने धनाचा मोह ठेवू नये असेच शिकवले आहे, मैत्रेयी पाहा. अवश्य पाहू. बृहदारण्यक उपनिषदातला तो प्रसिद्ध संवाद सुरू होतो तोच मुळी वाटणीच्या प्रसंगाने. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींमध्ये वाटणी करून द्यावी असे म्हणतात. त्यावर मैत्रेयी विचारते की धनाने भरलेली सबंध पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का? नाही म्हटल्यावर ती धन बाजूला सारते आणि ज्ञान मागते. पण हे कशानंतर घडले? वाटा तिच्यापुढे आधी ठेवला गेला होता. घे म्हटल्यावर तिने नको म्हटले. शिवाय तिने प्रश्न विचारला, आणि तिला उत्तर मिळाले. सोमवारी तालुक्याला सहीपुरती आलेली बहीण आणि मैत्रेयी यांत हे अंतर आहे. आणि कात्यायनीला काय हवे होते? ती त्या संवादात एक शब्दही बोलत नाही. आमच्या पंडितांनी मैत्रेयीवर पुष्कळ लिहिले. कात्यायनीला काही विचारावे असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना येथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन नावाचे एक प्राध्यापक होते. कॉलेजातल्या मुलांना तर्कशास्त्र शिकवताना त्यांना वाटू लागले की हे फार उशिरा चालले आहे. विचार करण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे. १९७४ साली त्यांनी न्यू जर्सीत त्यासाठी एक संस्था काढली, आणि मुलांनी गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनीच काढायचे व वर्गाने मिळून त्यांचा विचार करायचा, अशी पद्धत घातली. पॅरिसला मार्क सोते यांनी १९९२ साली रविवारी सकाळी एका कॅफेत अशीच चर्चा सुरू केली. येईल त्याने बसावे आणि बोलावे. आपल्याकडे कॅफे नसला तरी पार आहे, आणि आठवीपासूनचा कोणताही वर्ग यासाठी चालतो. फक्त एक पथ्य पाळावे. वर्गात गावातल्या कोणाच्या घरची वाटणी घेऊ नये. त्या घरचे मूल समोर बसलेले असते, आणि संध्याकाळी त्याचा बाप शाळेत येतो. गलबत घ्यावे. वादळ, माल आणि माणसे एवढे फळ्यावर लिहावे आणि विचारावे: त्यांनी स्वखुशीने टाकले का? मग वादळाऐवजी राजा घ्यावा. मग ‘सगळे म्हणतात म्हणून’ हे घ्यावे. उत्तर आपण सांगू नये. मूल चुकीचे बोलले तरी ‘का बरं?’ एवढेच विचारावे. गलबतापासून घरापर्यंतची वाट मुली आपण होऊन चालतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मुलगेही.

आणि ज्यांच्या घरी असा कागद होण्याचे सध्या चालले आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराची एक गोष्ट. एकदा नोंदलेले हक्कसोडपत्र मागे घेणे सोपे नसते. कोर्टाची पायरी चढावी लागते आणि तेथे वर्षे जातात. तेव्हा कागद सोमवारी तालुक्याला दाखवू नका. आठ दिवस आधी बहिणीच्या घरी न्या. तिचा हिस्सा किती आणि त्याची आजची किंमत काय, ते तिला सांगा. वाचून दाखवणारा तुमच्यातला नसावा. गावातले एखादे मास्तर चालतील, किंवा तिची शिकलेली मुलगी असेल तर उत्तमच. आणि ती काही बोलण्याआधी भावाने तिला सांगावे, ‘आक्का, तू नाही म्हणालीस तरी दिवाळीला मी न्यायला येणार आहे.’ आई हयात असेल तर तिनेही तेथेच, सगळ्यांसमोर हे म्हणावे. मग कागद तिच्यापाशी ठेवून परत यावे आणि ती काय कळवते याची वाट पाहावी.